पाय टेकायला हवेत

कॅसलरॉकला मिरगाचा पाऊस लागला की गणपतीपर्यंत हटत नाही. तिनईघाटाकडून आत येणाऱ्या रस्त्यावर लाल चिखल साचतो, सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते आणि खड्ड्याची खोली चाक आत गेल्यावरच समजते. अशा ठिकाणी दुचाकी हा शौक नाही. शाळा, दवाखाना, रामनगरचा बाजार, सगळे तिच्यावरच चालते. तरीही आमच्याकडे ‘कुठली गाडी घेणार?’ म्हणून विचारले की माणसे आधी कंपनीचे नाव सांगतात. गेली चाळीस वर्षे मी हेच ऐकत आले आहे, आणि त्यातली बरीच वर्षे स्वतःही तेच सांगत होते.

आमचे घर येझदीचे. आप्पा रेल्वेत, घाटातल्या बँकर इंजिनांवर. कुळ्याहून कॅसलरॉकला चढताना रुळांचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे, म्हणून गाडीला ढकलायला मागून जादा इंजिने लावतात. किती वजनाला किती इंजिने, हे आप्पांच्या रोजच्या कामाचे गणित होते. मात्र मोटरसायकल त्यांनी नाव बघून घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१पासून जावा बाहेर पडू लागल्या आणि सत्तरच्या दशकात त्याच गाड्यांवर येझदी हे नाव आले. दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये मोजून मिसळायचे ऑईल, आणि किक व गिअर दोन्हींसाठी डावीकडे एकच दांडा. तो दांडा वर फिरवून किक मारायची, मग खाली आणून गिअर टाकायचा. आप्पांच्या डाव्या पायाला ते इतके सवयीचे झाले होते की दुसऱ्याची गाडी हातात आली तरी पाय तोच दांडा शोधायचा.

काका बुलेटवाले. तेव्हाच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. एका घरातल्या या दोन भावांना एकमेकांची गाडी धड चालवता येत नसे. आम्ही मुले याला निष्ठा म्हणायचो. आता वाटते, त्यात निम्मी सवय होती आणि उरलेला निम्मा भाग लोंढ्याच्या मिस्त्रीचा. त्याला येझदीचे इंजिन डोळे मिटून खोलता यायचे. भर पावसात बंद पडलेली गाडी संध्याकाळपर्यंत सुरू करून देणारा माणूस हाताशी आहे म्हटल्यावर कंपनी बदलावी कशाला? डोंगरातल्या माणसाची ही निष्ठा आंधळी नव्हती, त्यामागे पक्का हिशेब होता.

१९८५ला यामाहाची आरएक्स १०० आली, त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १००. पोरांच्या जिभेवर पहिलीचे नाव, आणि ज्यांना महिन्याच्या पगारात पेट्रोल बसवायचे त्यांना दुसरी हवी. आरएक्सचे वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात आडवी झाली तर एकटा माणूस उचलून उभी करू शके. पण उतारावर टू स्ट्रोक इंजिन गाडीला फारसे मागे धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. फोर स्ट्रोक गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला आवरते. अनमोड घाट पावसात उतरताना हा फरक मनगटांना कळतो. जाहिरातीत तो कुणी सांगत नसे.

माझी पाळी आली ती नोकरी लागल्यावर. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, उंची पाच फुटांना थोडी कमी, अंगात साडी, खांद्यावर वह्यांची पिशवी. येझदीवर बसून पाहिले तर एका बाजूला झुकल्याशिवाय पाय जमिनीला लागेना. मग नावाजलेल्या कंपनीची स्कूटर घेतली. नाव मोठे होते, म्हणून बाकी काही तपासलेच नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिचे छोटे चाक खड्ड्याच्या कडेला अडकले आणि मी वह्यांसकट चिखलात. पिशवीतल्या चौथीच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका भिजल्या, ते दुःख गुडघ्याच्या जखमेपेक्षा मोठे होते.

मिस्त्री म्हणाला, “बाई, गाडीचं नाव राहू दे. सीटवर बसा, दोन्ही पाय खाली टेकवून दाखवा. मग सांगतो.”

त्याने मला टीव्हीएसच्या मोपेडवर बसवले. समोरून पाय घालता येईल अशी मोकळी जागा, हलकी, आणि चाक सोळा इंची. दहा इंची चाक ज्या खड्ड्यात पडते, त्याच्या काठावरून मोठे चाक बऱ्याचदा निघून जाते. आप्पा आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांच्या लेखी ती गाडीच नव्हती. त्या मोपेडवर मी अकरा पावसाळे शाळा केली.

माझा भाचा कॅनडात असतो, बर्फाच्या डोंगरात स्नोमोबिल चालवायला जातो. त्याचे ऐकताना मला लोंढ्याचे गॅरेज आठवते. तिथेही कुटुंबेच्या कुटुंबे एका कंपनीची, कुणी स्की-डूचे, कुणी पोलारिसचे. डोंगरातल्या मऊ बर्फात मशीन बसून चालवायचे नसते. उभे राहून, अंग एका बाजूला झोकून ते वळवायचे असते. म्हणजे हँडल किती उंच आणि पाय ठेवायची जागा किती मागे, यावर सगळे अवलंबून. यामाहाने २०२३मध्ये स्नोमोबिल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या यामाहावाली माणसे पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या मशीनवर उभी राहून पाहू लागली, असे तो सांगतो.

हा अनुभव आमच्या वाट्याला आधीच आला होता. १९९६मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला, त्याच साली आरएक्स १००ही थांबली. हिरो आणि होंडा वेगळे झाले. बुलेटचा गिअर डाव्या पायाकडे गेला आणि काकांनी नवी बुलेट घ्यायचा विचार कायमचा सोडला. ज्या नावाला माणसे चिकटून होती ते कुठे संपले, तर कुठे नाव राहूनही पायाखालची गाडी दुसरी झाली.

आता पावसाळ्यात दूधसागर धबधब्याच्या ओढीने शहरातली मुले मोठ्या गाड्या घेऊन येतात. हिमालयन, एक्सपल्स. गाड्या डोंगरासाठीच केलेल्या आहेत, त्यात शंका नाही. पण एक्सपल्सची सीट जमिनीपासून बरीच वर आहे, आणि आखूड पायांचे पोर उतारावर थांबताना चवड्यावर तोल सावरते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मी त्यांना थांबवते आणि मिस्त्रीचेच वाक्य सांगते. काही जण ऐकतात.

२०२२मध्ये येझदी नव्या कंपनीकडून परत आली. आप्पा ऐंशीचे झाले होते. हट्टच धरला, म्हणून बेळगावच्या शोरूमला नेले. त्यांनी टाकीवरचे नाव हाताने चाचपले, मग दोघांनी धरून सीटवर बसवले. डावा पाय आपसूक किकचा दांडा शोधू लागला. या गाडीला किकच नव्हती, बटण होते. पाय तसाच हवेत दोन-तीनदा फिरला. मग त्यांनी तो हळूच खाली सोडला. मी वाकून पाहिले. दोन्ही टाचा फरशीला टेकल्या होत्या.