एका शतकाच्या तसबिरी

मुलांनो, आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. कोणाच्या तरी लग्नात काढलेले. पुढे सतरंजीवर मुले बसली आहेत, खुर्च्यांवर वडीलधारी माणसे आहेत आणि मागे तरुण मंडळी उभी आहेत. एकूण चौदा माणसे. माझी दादी होती, तोपर्यंत ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव सांगत असे. आम्ही नुसते ऐकत होतो. लिहून कोणीच घेतले नाही. आज त्यांतील तीन माणसांची नावे घरात कोणालाही ठाऊक नाहीत.

'छायाचित्र' हा शब्द तुम्हांला अवघड वाटतो का? छाया म्हणजे सावली. उर्दूत आपण 'साया' म्हणतो. छाया आणि साया हे एकाच कुळातले शब्द आहेत. मराठीतील 'तसबीर' ही तर आपली 'तस्वीर'च!

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. पण सुरुवातीला ती महाग होती. १९०० साली अमेरिकेत एक डॉलरला मिळणारा ब्राउनी कॅमेरा निघाला आणि साधी माणसेही छायाचित्रे काढू लागली. म्हणूनच विसाव्या शतकाचा इतिहास आपल्याला केवळ वाचता येतो असे नाही, तो पाहताही येतो.

चला, पाहू या. तारीख १७ डिसेंबर १९०३. अमेरिकेतील किटी हॉक गावाजवळचा वाळूचा किनारा. ऑर्व्हिल राइट विमानात पालथा झोपला आहे. त्याचा भाऊ विल्बर बाजूला उभा आहे. विमान जमिनीपासून थोडेसे वर उचलले गेले आहे. मग हे छायाचित्र काढले कोणी? कॅमेरा ऑर्व्हिलनेच आधी लावून ठेवला होता. त्याचा रबरी फुगा दाबण्याचे काम जॉन डॅनियल्स याला दिले होते. तो किनाऱ्यावरील बचाव केंद्रात नोकरी करत असे. विमान उडालेले पाहून बिचारा इतका गडबडून गेला, की आपण फुगा दाबला की नाही, हेच त्याला आठवेना! राइट बंधूंनी घरी जाऊन काच धुतली, तेव्हा चित्र दिसले. ते उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते.

आता १९३६ सालचे एक छायाचित्र पाहा. अमेरिकेत तेव्हा मोठी मंदी होती. कामधंदा नव्हता. कॅलिफोर्नियात वाटाण्याचे पीक थंडीने गेले होते आणि शेंगा तोडायला आलेले मजूर उपाशी बसले होते. डोरोथिया लँग या बाईंनी तेथे एका आईचे छायाचित्र काढले. तिची दोन मुले तोंड फिरवून तिला बिलगली आहेत. मांडीवर तान्हे मूल आहे. आई दूर कोठेतरी पाहत आहे. ते छायाचित्र वर्तमानपत्रांत आले आणि सरकारने त्या तळावर धान्य पाठवले. पण तोपर्यंत ती आई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती!

लँगबाईंनी तिचे नाव विचारले नव्हते. या कुटुंबाने अन्नासाठी मोटारीची चाके विकली, असे मात्र त्यांनी लिहिले. १९७८ साली त्या आईने सांगितले, की त्या प्रसिद्ध छायाचित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही. चाके विकली नव्हती, असे तिच्या मुलाने सांगितले. चेहरा खरा, भूकही खरी. चाकांबद्दल कोणाचे खरे, हे चित्राकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही.

आपल्या देशाची छायाचित्रे पाहताना होमाई व्यारावाला यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा जन्म १९१३ सालचा. त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. साडी नेसून, जड कॅमेरे घेऊन त्या दिल्लीत सायकलवरून हिंडत. फाळणीची योजना मान्य करण्यासाठी हात वर करणारे नेते त्यांच्या कॅमेऱ्याने टिपले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. पण पतीने उद्या बरोबर जाऊ म्हणून त्यांना परत बोलावले. त्याच सभेत गांधीजींची हत्या झाली. ते छायाचित्र राहून गेल्याची खंत होमाईंना पुढे आयुष्यभर होती. त्या २०१२ साली वारल्या.

आणखी एक गंमत सांगतो. लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी पहिल्यांदा तिरंगा फडकवला, त्या प्रसंगाच्या छायाचित्राखाली अनेकदा १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख छापलेली दिसते. प्रत्यक्षात तो दिवस १६ ऑगस्टचा होता. चित्रात झेंडा दिसतो, गर्दी दिसते. तारीख कोठून दिसणार?

आमच्या घरच्या त्या छायाचित्रामागे आता मी मऊ पेन्सिलीने अकरा नावे लिहिली आहेत. पेनची शाई कागदातून पुढे उतरते, म्हणून पेन्सिल. मागच्या रांगेतील तीन जागा कोऱ्याच आहेत. मालेगावला माझ्या आत्या राहतात. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना थोडे कमी दिसते. येत्या ईदला ते छायाचित्र मोठे करून मी त्यांच्याकडे नेणार आहे.