सागाचे खोड आतून का कुजते?

बांधावरचा वीस-पंचवीस वर्षांचा साग. बाहेरून खोड सरळ, साल धडधाकट. तोडणीच्या दिवशी मात्र करवत बुंध्यात शिरते आणि ओलसर, काळपट भुसा निघतो. सर्वांत जास्त भाव मिळणारा तळाचा ओंडका सरपणाच्या भावात जातो. अशा वेळी दोष बहुतेकदा वाळवीला दिला जातो. पण उभ्या सागात वाळवी बहुधा नंतर येते, आधी बुरशीने लाकूड मऊ केलेले असते.

सागाला कूज लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. पक्व सागाच्या तपकिरी गाभ्यात बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला हे संरक्षण नसते आणि कोवळ्या झाडाचा गाभाही तेवढा टिकाऊ नसतो. दाराची चौकट वर्षानुवर्षे टिकते याचे आणखी एक कारण म्हणजे ती कोरडी असते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही. उभ्या झाडात ओलावा असतोच, बुरशीला फक्त आत शिरायला वाट हवी असते.

वाट आपणच करून देतो

नांगराचा फाळ बुंध्याला लागणे, कुंपणाच्या तारेसाठी खिळे ठोकणे, दाव्याने साल घासणे, कोयत्याने फांदी ओरबाडणे ही नेहमीची कारणे. माझ्या मते सर्वांत घातक म्हणजे बांध पेटवणे. भाजलेली साल लगेच गळत नाही. ती सुटते तोपर्यंत आग लागली होती हेही कुणाच्या लक्षात नसते. बांधावरचा पालापाचोळा जाळू नका, बुंध्यापासून तीन-चार फूट लांब ओढून घ्या.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून हे दाखवले. झाड कुजक्या भागाभोवती एक प्रकारची भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. त्यामुळे जखमेच्या वेळी खोड जेवढे जाड होते, कूज बहुधा तेवढ्याच जाडीत अडते. म्हणूनच पोकळी खरवडून चांगल्या लाकडापर्यंत साफ करणे आणि सिमेंट भरणे टाळा, त्यात हीच भिंत फुटते. डांबर किंवा रंग फासूनही आत शिरलेली कूज थांबत नाही. अशा कुजीवर फवारणीचे औषध नाही, त्यावर पैसे घालवू नका.

छाटणी आणि फुटवे

फांदी अंगठ्याएवढी असतानाच, पानगळीनंतर कोरड्या दिवसांत धारदार करवतीने काढा. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते. त्याच्या लगत बाहेरून काप घ्या, कडे कापू नका आणि खुंटही ठेवू नका. जाड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्या, म्हणजे साल सोलली जाणार नाही.

तोडलेल्या सागाचे फुटवे वाढवायचे असतील तर बुडखा जमिनीलगत ठेवा. उंच बुडख्याच्या वरच्या भागातून आलेल्या फुटव्यात जुन्या बुडख्याची कूज सहज उतरते. जमिनीजवळचा एकच जोमदार फुटवा राखा, बाकीचे लहान असतानाच काढा.

पोकळ झाड कसे ओळखाल?

लाकडी हातोड्याने खोडाभोवती ठोकून पाहा. भरीव खोडाचा आवाज टणक येतो, पोकळ खोड ढोलासारखे वाजते. खोडावर पंख्यासारखी कडक भूछत्रे दिसली तर आत कूज बरीच पसरलेली आहे असे समजा. एकदा कूज लागलेले लाकूड झाड आणखी वाढल्याने सुधारत नाही. असे झाड विरळणीत आधी निवडा. तोडणी आणि वाहतुकीसाठी वन विभागाची परवानगी आधी घ्या. घर, गोठा किंवा रस्त्यावर झुकलेले पोकळ झाड मात्र पावसाळ्यापूर्वी प्राधान्याने हलवा.

जंगलात काम करणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. १९९७ मध्ये नंदुरबारमधील शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा झाडांच्या ढोलीतच घरटे करतो. वाटेपासून दूर असलेली काही ढोलीची झाडे विरळणीच्या खुणा करतानाच वगळावीत.