कुरणावर कोणी बोलतच नाही

नागपूरच्या हुडकेश्वर भागात शेतांचे लेआउट पडले, तशी नकाशांवर 'ओपन स्पेस'ही आली. अशा जागेत मलब्याचा ढीग दिसला की शेजारचा प्लॉटवाला म्हणतो, 'सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही.' त्याचं हे अनुभवाचं बोलणं. समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र बराच काळ तेच न तपासता गृहीत धरलं.

१९६८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचा लेख आला. सामाईक कुरणावर प्रत्येक मालक आपलं एकेक जनावर वाढवत जाणार आणि शेवटी कुरणच उजाड होणार, म्हणून ते खासगी तरी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात तरी द्या. युक्तिवाद बिनतोड वाटला. पण या कुरणावर माणसं एकमेकांशी बोलत नाहीत! कोणी कोणाला हटकत नाही, कोणी बैठक बोलावत नाही. माणूस असाच, हे आधी ठरलं आणि गणित नंतर मांडलं गेलं.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जेराल्ड मारवेल आणि त्यांच्या सहकारी रूथ एम्स यांनी हे गृहीतक प्रयोगात उतरवलं. वाट्याला आलेल्यातलं स्वतःसाठी किती ठेवायचं आणि सामाईक गल्ल्यात किती टाकायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सिद्धांताप्रमाणे गल्ला जवळपास रिकामा राहायला हवा होता. बहुतेक गटांनी ४० ते ६० टक्के टाकले. अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी तेवढे २० टक्क्यांच्या आसपास थांबले. सिद्धांत शिकून ते तसे झाले, की तशी माणसंच त्या विषयाकडे वळतात? या प्रयोगांवरच्या १९८१ च्या निबंधानंतरही हा वाद मिटलेला नाही.

खरं कुरण पाहायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात जावं. मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सामाईक संपत्ती लोक स्वतःच नियम करून जपतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी.

इथं उलट्या बाजूनंही घसरायला होतं. 'आदिवासी मुळातच निर्लोभी' असं कौतुकानं लिहिणारा अभ्यासकही माणसाचा स्वभाव आधीच ठरवून बसलेला असतो. मेंढ्याच्या लोकांनी स्वतःबद्दल इतकी खात्री बाळगली नाही. म्हणून तर तिथं नियम आहेत आणि जंगलावर राखणही आहे.

हक्क मिळाला तरी बांबू विकायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागायचा आणि तो काही मिळेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.