एकाच गिऱ्हाइकाचा धंदा : मानेसरचे लघुउद्योग आणि ऑनलाइन बाजारपेठ

दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा आणि कोल्हापूर ही शहरे जोडत चेन्नईपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर, गुरुग्राम मागे पडल्यानंतर मानेसर लागते आणि त्याच रस्त्याने दक्षिणेकडे येत राहिल्यास कोल्हापूरच्या वेशीजवळ शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. या दोन ठिकाणांमध्ये दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, भाषा वेगळी आहे, हवापाणी वेगळे आहे. मात्र पत्रा कापणाऱ्या, डाय बनवणाऱ्या, ओतकामाचे सुटे भाग तयार करणाऱ्या लहान कारखानदारापुढचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि तो म्हणजे मोठ्या वाहन कंपनीच्या मागणीवर उभा असलेला आपला धंदा त्या कंपनीपलीकडच्या गिऱ्हाइकाला दिसणार कसा. ऑनलाइन विपणन, म्हणजे इंटरनेटच्या साहाय्याने गिऱ्हाईक शोधणे, त्याला माल समजावून सांगणे आणि त्याच्याशी संबंध टिकवणे, या विषयाकडे पाहण्यासाठी मानेसर हे विशेष सोयीचे स्थळ आहे, कारण येथे माल बनवणारा लहान कारखाना, कामगारांच्या गरजा भागवणारे गल्लीतले दुकान आणि ऑनलाइन विक्रीचा माल साठवणारे अवाढव्य गोदाम ही तिन्ही एकमेकांच्या शेजारी आढळतात.

महाराष्ट्रात १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने औद्योगिक वसाहती उभारण्याचे जे काम केले, तेच हरियाणात त्या राज्याच्या औद्योगिक व पायाभूत सुविधा विकास महामंडळाने मानेसरमध्ये केले. होंडा कंपनीचा स्कूटरचा कारखाना येथे २००१ साली सुरू झाला, मारुती सुझुकीचा दुसरा मोठा कारखाना २००६-०७ च्या सुमारास उभा राहिला, आणि या दोन कारखान्यांभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांची साखळी तयार झाली. या साखळीत वरच्या पायरीवर थेट वाहन कंपनीला माल देणारे मोठे पुरवठादार असतात, त्यांच्याखाली त्यांना माल देणारे मध्यम कारखाने असतात, आणि सर्वांत खाली चार-सहा प्रेस किंवा दोन-तीन लेथ घेऊन जॉबवर्क करणारी, म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम मजुरीवर काम करून देणारी युनिटे असतात. तळच्या पायरीवरच्या या कारखानदाराला विपणन असे वेगळे काही करावे लागत नसे. एकदा व्हेंडर म्हणून मान्यता मिळाली, नमुना पास झाला आणि महिन्याचे वेळापत्रक येऊ लागले, की माल वेळेवर पोहोचवणे एवढेच त्याचे काम उरत असे.

ही घडी किती नाजूक आहे, हे मानेसरने अनेकदा पाहिले. १८ जुलै २०१२ रोजी मारुतीच्या येथील कारखान्यात उसळलेल्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, त्यानंतर टाळेबंदी जाहीर झाली आणि उत्पादन २१ ऑगस्टपर्यंत थांबले. २०१९ मध्ये वाहनविक्री मंदावली, तेव्हा याच कंपनीने ७ आणि ९ सप्टेंबर या दिवशी गुरुग्राम व मानेसर येथील कारखाने बंद ठेवले, आणि पुढच्या मार्चमध्ये तर देशभरची टाळेबंदी आली. मोठ्या कंपनीला असे दिवस सोसण्याचे बळ असते. मात्र ज्याच्या वहीत एकाच गिऱ्हाइकाचे नाव आहे, त्याचा प्रेस थांबला तरी जागेचे भाडे, बँकेचा हप्ता आणि कामगारांचा पगार थांबत नाही. ऑनलाइन विपणनाची चर्चा बहुधा विक्री वाढवण्याच्या अंगाने केली जाते, परंतु अशा लघुउद्योगाच्या दृष्टीने तिचे खरे मोल दुसरे, तिसरे, चौथे गिऱ्हाईक मिळून धंद्याचा भार वाटला जाण्यात आहे.

या कामाची सुरुवात जाहिरातीने होत नाही, ती वर्णनाने होते. एखाद्या खरेदी अधिकाऱ्याला वॉशर हवा असतो, तेव्हा तो ‘दर्जेदार अभियांत्रिकी उत्पादने’ असे शब्द शोधपेटीत लिहीत नाही. तो माप लिहितो, धातू लिहितो, लेप लिहितो. तरीही लहान कारखान्यांच्या पानांवर ‘सर्व प्रकारचे ऑटो पार्ट्स योग्य दरात मिळतील’ हे वाक्य वारंवार आढळते, आणि शोधयंत्राला, म्हणजे लाखो पानांतून शब्दांच्या मेळावर नेमके पान वर आणणाऱ्या यंत्रणेला, त्या वाक्यातून काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी ‘एम-८ साधा वॉशर, आतील व्यास ८.४ मिलिमीटर, बाहेरील व्यास १६ मिलिमीटर, जाडी १.६ मिलिमीटर, माइल्ड स्टील, झिंक प्लेटिंग, एचएसएन ७३१८’ असे लिहिले, कमीत कमी किती नगांची ऑर्डर घेतली जाईल हे सांगितले, आणि वॉशर व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात धरून माप दिसेल असे छायाचित्र जोडले, तर तेच पान दूरच्या गिऱ्हाइकाशी कारखानदाराच्या वतीने बोलू लागते. येथे एचएसएन म्हणजे वस्तू व सेवा करासाठी प्रत्येक मालाला दिलेला वर्गीकरणाचा अंक होय. ७३१८ या शीर्षकाखाली लोखंड व पोलादाचे स्क्रू, बोल्ट, नट आणि वॉशर येतात. ज्याच्याकडे ठरलेले उत्पादन नाही, फक्त जॉबवर्क आहे, त्याने आपल्या प्रेसची टनक्षमता, पत्र्याची जास्तीत जास्त जाडी, गाठता येणारी अचूकता आणि मोजमापाची साधने लिहावीत, कारण त्याच्या बाबतीत क्षमता हाच विक्रीचा माल असतो.

उपयुक्त माहिती देऊन गिऱ्हाईक जोडण्याच्या या रीतीला आज ‘कंटेंट मार्केटिंग’ हे नाव मिळाले असले, तरी मराठी मुलखाला ती नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवू लागले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा समज शेतकऱ्यांत होता, आणि नुसती किंमत सांगून तो दूर होणारा नव्हता. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखान्याच्या मालाची आणि घडामोडींची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले, आणि त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. ज्या मासिकाने मराठी वाचकाला विचारांचे नवे वळण दिले, त्याचे मूळ एका नांगर कारखान्याच्या माहितीपत्रात आहे, ही गोष्ट विपणनाच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने अभिमानाने आणि अभ्यासाने पाहावी अशी आहे. मानेसरच्या किंवा शिरोलीच्या कारखानदाराने मासिक काढण्याचे कारण नाही, पण झिंक प्लेटिंगचा थर किती असला की गंज किती काळ रोखला जातो, किंवा डायची धार गेली की कापाच्या कडेला बर, म्हणजे धातूचा खरखरीत काठ, कसा येतो, हे दोन मिनिटांच्या चित्रफितीत दाखवणे त्याला सहज शक्य आहे, आणि असे दाखवणाऱ्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास लवकर बसतो.

यानंतरची पायरी उद्योगांच्या परस्पर खरेदी-विक्रीसाठी असलेल्या संकेतस्थळांची आहे. नोएडात मुख्यालय असलेले आणि १९९६ साली सुरू झालेले इंडियामार्ट हे त्यांतले ठळक नाव आहे. अशा ठिकाणी नोंद विनामूल्य असू शकते, परंतु वरचे स्थान किंवा अधिक चौकशा हव्या असतील तर वर्गणी भरावी लागते. चौकशीला या व्यवहारात ‘लीड’ म्हणतात, आणि एकच लीड अनेक पुरवठादारांना दिली जाऊ शकते, हे नवख्या कारखानदाराने आधीच जाणून घ्यावे, कारण त्यामुळे पहिल्या तासात नेमके कोटेशन पाठवणारा आणि तीन दिवसांनी ‘दर कळवतो’ म्हणणारा यांच्यात मोठे अंतर पडते. सरकारी खरेदीसाठी ऑगस्ट २०१६ पासून ‘जेम’ हे शासकीय ई-बाजारपेठेचे संकेतस्थळ चालू आहे; केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी असे धोरण असल्याने, उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची शासकीय नोंद, असलेल्या युनिटाने तिकडे लक्ष न देणे परवडणारे नाही.

अनोळखी गिऱ्हाइकाबरोबर पेमेंट अडकण्याची भीती येते, आणि ती रास्त आहे. पहिला उपाय साधा आहे : कोणत्याही करदात्याचा जीएसटी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला, की नोंदणीकृत नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे दिसते. पंधरा अक्षर-अंकांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, हरियाणाचे ०६ आणि महाराष्ट्राचे २७, तर पुढची दहा अक्षरे पॅनची असतात; त्यामुळे कोल्हापूरचा म्हणवणाऱ्या गिऱ्हाइकाचा क्रमांक भलत्याच अंकांनी सुरू होत असेल, तर माल रवाना होण्यापूर्वी दोन प्रश्न विचारता येतात. शिवाय २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि ही अट कोटेशनच्या तळाशी छापण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मानेसर, कासन, नाहरपूर, अलियर या गावांतल्या दुकानांचे गणित वेगळे आहे. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान येथून आलेला कामगार खोली, डबा किंवा मोबाइल दुरुस्ती शोधतो तो जवळपासची, आणि बहुधा हिंदीत बोलून. अशा दुकानाला संकेतस्थळापेक्षा गूगलच्या नकाशावरील नोंद अधिक उपयोगी पडते, आणि तीत तीन गोष्टी बिनचूक असणे पुरेसे असते : नकाशावरची खूण योग्य गल्लीत असावी, वेळा खऱ्या असाव्यात, फोन उचलला जावा. रात्रपाळी सुटल्यावर डबा मिळतो की नाही, हे तिथे लिहिलेले असले तर ती ओळच गिऱ्हाईक आणते.

ग्राहकोपयोगी वस्तू बनवणाऱ्यासमोर मात्र ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या बाजारमंचांचा मार्ग येतो, आणि मानेसरच्या आसपास, बिलासपूर, जमालपूर, फरुखनगरच्या दिशेने, याच विक्रीसाठीची गोदामे पसरलेली आहेत. कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्ग नोव्हेंबर २०१८ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यावर दिल्लीत न शिरता उत्तर भारतभर माल पाठवणे सोपे झाले. या मंचांवर जाहिरातीतून माल दिसण्याचे स्थान बहुतांशी लिलावाने ठरते. शोधाच्या जाहिरातींची आपली सेवा गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांसह सुरू केली आणि २००२ पासून त्यात क्लिकमागे बोली व जाहिरातीची उपयुक्तता या दोहोंवर स्थान ठरू लागले; बाजारमंचांवरच्या जाहिराती त्याच तत्त्वावर चालतात.

येथे हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पाऊल टाकू नये. समजा, पत्र्याचा भिंतीवरचा रॅक करासह ५०० रुपयांना विकला जातो. त्यात १८ टक्के दराने सुमारे ७६ रुपये कर, १२ टक्के धरल्यास ६० रुपये मंचाचे कमिशन, आणि बांधणी व पाठवणीचे ९० रुपये गेले. एका क्लिकला ६ रुपये पडत असतील आणि २५ जणांनी पाहिल्यावर एक जण घेत असेल, तर एका विक्रीमागे जाहिरातीचा खर्च १५० रुपये होतो, आणि पत्रा, रंग, मजुरी, वीज व नफा या सर्वांसाठी १२४ रुपये उरतात. त्यातून घरी पोहोचून परत आलेल्या मालाचा भुर्दंड वेगळाच. मात्र वर्णनात रॅक किती वजन पेलतो, स्क्रू सोबत मिळतात का, हे स्पष्ट केल्याने १५ जणांमागे एक विक्री होऊ लागली, तर जाहिरातीचा खर्च ९० वर येतो आणि हातात १८४ राहतात. बोली वाढवण्याआधी वर्णन सुधारणे शहाणपणाचे का, याचे उत्तर या साठ रुपयांत आहे.

मराठी वाचकाला या मंचांचे स्वरूप आडत्याच्या उपमेने चटकन उमजेल. आडत्या गिऱ्हाईक आणतो, त्याबद्दल आडत घेतो, आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न आडत कोणी व किती द्यायची हे कोण ठरवतो हा असतो. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, कारण तो बाजार कायद्याच्या चौकटीत होता. बाजारमंचाचे दरपत्रक मात्र मंचच ठरवतो आणि बदलतो. काही विक्रेत्यांना झुकते माप मिळते, या दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन मोठ्या मंचांच्या चौकशीचा आदेश दिला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे. जागा परक्याची असली की ती जाऊही शकते : २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तिथे जमवलेला ग्राहकवर्ग एका रात्रीत हातचा गेला, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलने व्यवसाय नोंदीतून बनवलेली विनामूल्य संकेतस्थळे बंद केली.

म्हणून स्वतःच्या नावाचे छोटे संकेतस्थळ आणि स्वतःची ग्राहकयादी या दोन गोष्टी लघुउद्योजकाच्या मालकीच्या असाव्यात, असे आग्रहाने म्हणावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसची येथे मोठी मदत होते, पण त्यातील साध्या प्रसारण यादीतून पाठवलेला संदेश ज्याने विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. क्रमांक जतन होण्याइतकी ओळख आधी कामातूनच व्हावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा यादीसाठी ग्राहकाच्या संमतीला महत्त्व दिले आहे, तेव्हा बिलावरच ‘नव्या मालाची माहिती पाठवावी का’ असा चौकोन ठेवणे बरे.

या सगळ्याला जोडून कारखान्यात एक साधी वही असावी. प्रत्येक नव्या चौकशीसमोर तारीख, ती कोठून आली, म्हणजे नकाशावरून, संकेतस्थळावरून, वर्गणीच्या मंचावरून की जुन्या गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून, कोटेशन किती वेळात गेले, ऑर्डर मिळाली का, आणि पैसे किती दिवसांनी आले, एवढे पाच रकाने पुरतात. मार्च महिन्यात मंचाचा प्रतिनिधी वर्गणीच्या नूतनीकरणासाठी दाराशी येतो, तेव्हा ती वही टेबलावर उघडी ठेवून त्याच्याशी बोलता येते.