तूर झाली तर, मूग झाला मग

खामगाव-चिखली रस्त्यावरच्या अमडापुरात आमच्या शेतकरी गटाची टिपणं वह्यांमध्ये विखुरली होती. सोयाबीनची उगवणशक्ती चाचणी (100 दाणे, ओलं गोणपाट, 70 उगवले तर बियाणं चालतं), बीजप्रक्रिया, फवारणीची मापं. ती फोनवर वाचता यावीत म्हणून एमकेडॉक्स निवडलं. टॉम ख्रिस्टी यांनी 2014 मध्ये आणलेलं हे साधन साध्या मजकुराच्या फायलींपासून अनुक्रमणिकेसकट संकेतस्थळ तयार करतं.

लॅपटॉपवर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली होती. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने एमकेडॉक्स थेट बसवू गेलं की डेबियन साफ नकार देतं: यंत्रणेच्या पायथनला हात लावू नका, तुमचं सामान वेगळ्या खोलीत ठेवा. ती खोली म्हणजे व्हेंव्ह, आणि तिचं पॅकेज निराळं घ्यावं लागतं. हा नकार मला आवडला. अडलं कुठे ते तोंडावर सांगतो. पुढचं काम झटपट: एका कमांडने सांगाडा, दुसरीने 8000 क्रमांकाच्या पोर्टवर पान. फाइल जतन केली की ब्राउझरमधलं पान आपसूक बदलतं.

खरी गंमत शीर्षकांत होती. प्रत्येक शीर्षकाला दुव्यासाठी एक खूण मिळते आणि मूळ मांडणीत ती बनवताना रोमनबाहेरचं सगळं गळतं. त्यामुळे मराठी शीर्षकांच्या वाट्याला नुसते क्रमांक आले. वर एखादं शीर्षक घुसवलं की खालचे क्रमांक सरकतात आणि कोणाला पाठवलेला दुवा भलत्याच परिच्छेदावर उघडतो. मग युनिकोडची सोय चालू केली. आता अक्षरं राहिली, पण काना, वेलांटी, उकार, हलन्त सगळे उडाले! पायथनच्या नियमात अक्षर ते अक्षर. मात्रा ही निव्वळ ‘चिन्ह’, म्हणून ती छाटली जाते. ‘उगवणशक्ती चाचणी’ची ‘उगवणशकत-चचण’ झाली. तुरीचं ‘तर’, मुगाचं ‘मग’, पाण्याचं ‘पण’. शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, “दादा, तूर कुठी गेली?” आणि या साऱ्यात चूक झाल्याची एकही सूचना नाही. डेबियन निदान भांडतं तरी.

तोडगा साधा आहे. अ‍ॅट्र-लिस्ट नावाची जोड चालू करून प्रत्येक शीर्षकापुढे महिरपी कंसात स्वतःची रोमन खूण लिहायची. कंटाळवाणं काम, पण दुवे पक्के होतात.

संकेतस्थळावरची शोधाची पेटी मात्र गप्पच राहिली. तिच्यामागचं लुनर हे शोधाचं साधन मुळात इंग्रजीसाठी मांडलेलं असतं. शब्दाच्या कडा साफ करताना ते रोमन अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं खरवडतं, म्हणजे ‘सोयाबीन’ सूचीत पोचतच नाही. ती पेटी आम्ही काढून टाकली आणि पहिल्याच पानावर अकारविल्हे सूची हाताने लिहिली: अळी, उगवण, खत, तूर.