चार काड्यांची तारीख

११ नोव्हेंबर ही तारीख अंकांत लिहून पाहा: ११/११. चार उभ्या रेघा. दक्षिण कोरियातल्या शाळकरी मुलींना त्या रेघांमध्ये चक्क बिस्किटाच्या काड्या दिसल्या!

त्या काडीचं नाव पेपेरो. लांब, बारीक, कुरकुरीत. चॉकलेटमध्ये बुडवलेली, पण एक टोक कोरं सोडलेलं. लोट्टे कंपनीने ती १९८३ मध्ये बाजारात आणली. पुढे नव्वदच्या दशकात बुसानच्या बाजूच्या मुली ११ नोव्हेंबरला एकमेकींना पेपेरो देऊ लागल्या, असं सांगतात. सोबत शुभेच्छा: या काडीसारखी उंच आणि सडपातळ हो. कंपनीने या दिवसाची जाहिरात सुरू केली ती १९९७ च्या सुमारास. म्हणजे खेळ आधी, व्यापार मागून. मला याचंच फार कौतुक वाटतं.

कोरियात १४ फेब्रुवारीला मुली मुलांना चॉकलेट देतात, १४ मार्चला मुलं परतफेड करतात. पेपेरोच्या दिवसाला असं बंधन नाही. मैत्रिणीला द्या, शिक्षकांना द्या, कचेरीतल्या सहकाऱ्याला द्या. पुडा स्वस्त असतो, त्यामुळे कुणालाच वगळावं लागत नाही.

पण या काडीची खरी करामत उलगडली ती अमेरिकेतल्या एका न्यायालयात. जपानच्या ग्लिको कंपनीची पॉकी नावाची अशीच काडी १९६६ पासूनची. आपल्या काडीच्या रूपाची नक्कल केली म्हणून ग्लिकोने लोट्टेवर दावा लावला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. कारण मोठं सुरेख आहे: हे रूप नुसतं शोभेचं नाही, कामाचं आहे. कोऱ्या टोकामुळे हात चॉकलेटने बरबटत नाहीत. बारीक काडीसाठी तोंड मोठं उघडावं लागत नाही. आणि पुड्यात इतक्या काड्या मावतात, की मित्रांना वाटता येतात. वाटून खाणं हे त्या आकाराचंच एक काम, असं न्यायालयाने मानलं! त्या मुलींनी ते न सांगता ओळखलं होतं.

याच तारखेत शेतकऱ्यांना मात्र माती दिसते. मातीची चिनी लिपीतली खूण सोडवली की दहा आणि एक या आकड्यांच्या खुणा निघतात, म्हणजे अकरा. म्हणून १९९६ पासून ११ नोव्हेंबर हा कोरियाचा अधिकृत शेतकरी दिन आहे. त्या दिवशी तांदळाच्या पिठाची लांब, पांढरी कांडी, गारेत्तोक, वाटायची प्रथाही २००३ पासून रुजू लागली. तीसुद्धा १ या अंकासारखीच दिसते. शेतकऱ्याचं धान्य त्यानिमित्ताने आठवतं, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आता पेपेरोची काडी आपल्या देशातही तयार होते. कोरियाबाहेर ती पहिल्यांदा बनू लागली ती हरियाणातल्या रोहतकच्या कारखान्यात, २०२५ मध्ये.