शुल्क, असल्यास

आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, एक जिवापाड जपलेली पुस्तिका होती. रेडिओचं लायसन. दरवर्षी पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे, पुस्तिकेत तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. १९३३च्या कायद्याने बिनपरवाना रेडिओ बाळगणं हा गुन्हाच होता. पण आजोबांना त्या भीतीपेक्षा हक्काची जाणीव जास्त होती. आपण पैसे भरले आहेत, तेव्हा पावसाचा अंदाज आणि बाजारभाव ऐकू आलेच पाहिजेत, अशा थाटात ते खुंटी पिरगाळत. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रसारणाविषयी जेव्हा जेव्हा वाद होतो, तेव्हा मला ती पुस्तिका आठवते. कारण खरा प्रश्न किती पैसे, हा नाहीच. ते कुणाच्या हातून जातात, हा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे मुंबईपासूनच सुरू झाला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं केंद्र सुरू केलं ते एका खासगी कंपनीने, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने. परवान्याचे वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीचे. हिशोब सोपा होता, पण ऐकणारेच नव्हते. परवान्यांचा आकडा आठ हजारांच्या आतच अडकला आणि मार्च १९३० मध्ये कंपनी बुडाली. महिन्याभरात सरकारने केंद्रं चालवायला घेतली. प्रसारण सरकारकडे आलं ते असं, दिवाळ्यातून. पण एकदा हाती आलेलं हे साधन किती कामाचं आहे ते सरकारला कळलं, आणि मग कोणत्याही सरकारला ते सोडवेना.

सरकारी पैशाने काय केलं, हेही सांगितलं पाहिजे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आणि केंद्रावरचे सीताकांत लाड यांनी ही कल्पना उचलून धरायची. आठवड्याला एक गीत, असं वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गीतं झाली छप्पन्न. त्या काळी आकाशवाणीवर जाहिरात नव्हतीच. किती लोक ऐकतात, मध्ये साबणाची जाहिरात कुठे बसते, असं कुणी विचारलं नाही. वर्षभर चालणाऱ्या एका काव्यावर केंद्राने वेळ, वादक आणि स्टुडिओ खर्ची घातला. घरोघरी लोक रेडिओला हार घालून बसत. बाजाराच्या हिशोबात हे उभं राहिलं नसतं असं मी ठामपणे म्हणतो. शेतकऱ्यांसाठीचे, कामगारांसाठीचे कार्यक्रम, कोळ्यांना दिलेले वादळाचे इशारे, आकाशवाणीच्या तेवीस भाषा आणि १७९ बोली, यांतलं बरंचसं असंच आहे: ज्याला गरज आहे त्याच्याकडे जाहिरातदाराला देण्यासारखं काही नसतं.

पुढे पैशाची वाट बदलत गेली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. १९७६च्या पहिल्या दिवशी दूरदर्शनवर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परवाना शुल्क रद्द झालं. लोकांना बरं वाटलं, आणि ते साहजिकच होतं. पोस्टातली खेप वाचली. पण त्याबरोबर ऐकणाऱ्याचा आणि ऐकवणाऱ्याचा तो थेट धागाही तुटला. आता पैसे आपलेच, पण करातून, अर्थसंकल्पातून, मंत्रालयातून.

१९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला. तो अमलात यायला सप्टेंबर १९९७ उजाडलं. आकाशवाणी आणि दूरदर्शन स्वायत्त झाली, असं आपण म्हणतो. स्वायत्ततेचा शोध घ्यायचा तर या कायद्याचं कलम १७ वाचावं. संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार प्रसार भारती महामंडळाला दोन प्रकारची रक्कम देऊ शकेल, असं ते सांगतं. एक, रेडिओ-टीव्हीच्या परवाना शुल्काचं उत्पन्न, ‘असल्यास’. म्हणजे जे शुल्क काही वर्षांपूर्वीच संपलं होतं, त्याला कायद्याने जागा ठेवली. आणि दुसरी, सरकारला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम. सगळी मेख इथे आहे. ‘देईल’ नव्हे, ‘देऊ शकेल’. महामंडळाला किती लागेल ते नव्हे, सरकारला किती आवश्यक वाटेल ते. ज्याच्या कारभाराची बातमी द्यायची, त्याच्याच मर्जीवर वर्षाचा खर्च.

अलीकडच्या वर्षांत हे अनुदान अडीच-तीन हजार कोटींच्या घरात असतं आणि त्याचा मोठा वाटा पगारात जातो. यंत्रसामग्रीसाठी २०२३च्या जानेवारीत २,५३९ कोटींची वेगळी योजना मंजूर झाली. ती हवीच होती. स्वतःची कमाईही आहे: डीडी फ्री डिशवरच्या जागांचा खासगी वाहिन्यांना लिलाव होतो, आणि २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या जाहिरात-उत्पन्नातला चौथा हिस्सा दूरदर्शनला मिळतो. पण ही कमाई गर्दीमागे जाते. गर्दी नसलेल्या बोलीचं काय, याचं उत्तर लिलावात नाही.

अनेकदा अमेरिकेचा दाखला देतात. तिथला सार्वजनिक प्रसारणाचा कायदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ७ नोव्हेंबर १९६७ रोजी सही करून अमलात आणला. विविध भारतीवर पहिली जाहिरात वाजली त्यानंतर आठवड्याभरातच. त्यांनी सरकार आणि केंद्रं यांच्या मध्ये एक महामंडळ उभं केलं आणि पुढे अशी रीत पाडली की पैसे दोन वर्षं आधीच मंजूर व्हावेत, म्हणजे आजच्या बातमीचा राग उद्याच्या अनुदानावर निघू नये. भिंत चांगली होती. तरी जुलै २०२५ मध्ये संसदेने आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि काही दिवसांतच त्या महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. न्यूयॉर्क, बॉस्टनसारख्या शहरांतल्या मोठ्या केंद्रांना देणगीदार आहेत. घाव बसला तो अलास्कासारख्या विरळ वस्तीतल्या छोट्या केंद्रांवर, जिथे वादळाची, भूकंपाची पहिली खबर तेच रेडिओ देतात.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक घर ठरलेली मासिक रक्कम देतं, आणि ती किती असावी याची शिफारस स्वतंत्र आयोग करतो. एका राज्याने वाढ अडवली तेव्हा २०२१मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती लागू केली आणि रक्कम १८.३६ युरो झाली. सरकारला बातम्या आवडोत न आवडोत, त्याचा हात तिथे पैशापर्यंत थेट पोचत नाही.

घरटी शुल्क आपल्याकडे पुन्हा आणा, असं मी म्हणणार नाही. रोजंदारीवरच्या घराकडून ते मागणं अन्यायाचं ठरेल. पण केंद्र-राज्यांतली वाटणी ठरवायला आपण वित्त आयोग नेमतो, तसा पाच वर्षांसाठी प्रसार भारतीची गरज ठरवणारा आयोग का नसावा? आणि कलम १७ मधलं ‘देऊ शकेल’ बदलून ‘देईल’ का करू नये? रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९९५ मध्येच दिला आहे.

२०२३च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. पुण्यातून विरोध झाला, पत्रं गेली, दिल्लीने आदेश थांबवला. वृत्तविभाग वाचला याचा आनंद आहेच. पण गीतरामायण जिथून घुमलं, त्या शहराच्या बातम्या तिथूनच लागाव्यात की नाही, हे ठरवण्यासाठी दिल्लीचा दरवाजा ठोठावावा लागला. आजोबांच्या पुस्तिकेतल्या शेवटच्या तिकिटावरचा शिक्का आता पुसट झाला आहे. आकडे मात्र वाचता येतात. पंधरा रुपये, मिळाले.